थेट सरपंच चालतो, मग थेट राष्ट्रपती का नको?

औंधकडची एक मुलगी साताऱ्यातल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करते. तिनं मला विचारलं, "काका, आमच्या गावात सरपंच आम्ही थेट निवडतो. देशाचा राष्ट्रपती मात्र आमदार-खासदार निवडतात. अमेरिकेतसुद्धा मध्ये कुणीतरी असतंच. मग न्याय्य पद्धत कोणती? लोकांच्या थेट मतापेक्षा मधल्यांनी केलेली निवड जास्त न्याय्य असते का?"

महसूल खात्यात माझी एकतीस वर्षं गेली. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सगळ्या निवडणुकांची कामं केली. त्या अनुभवावरून सांगतो, बाळ. पद्धत न्याय्य की अन्याय्य हे ठरवण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. त्या खुर्चीच्या हातात काय आहे, ही पहिली. आणि मधले निवडणारे किती आहेत, त्यांना कोण गाठू शकतं, ही दुसरी. यांची उत्तरं मिळाली की तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं.

खालून सुरुवात करू, कारण मी शिकलो तिथंच. २०१७ पर्यंत सरपंच सदस्यांमधून निवडला जायचा. निकालानंतरच्या पहिल्या सभेला आम्ही अध्यासी अधिकारी म्हणून जायचो. अर्ज घ्यायचे, छाननी करायची, माघारीला वेळ द्यायचा, मग मतदान. कागदावर अर्ध्या दिवसाचं काम. एका गावची अशीच सभा माझ्या मनातून अजून जात नाही. नऊ सदस्य होते. त्यातले पाच एकाच गाडीतून थेट सभेच्या दारात उतरले. निकाल लागल्यापासून ते गावात नव्हतेच, त्यांना सहलीला नेलं होतं. फोन दुसऱ्याच्या ताब्यात. त्या पाचात एक बाई होती. तिच्या वाडीनं तिला पाण्याच्या पाइपलाइनसाठी निवडून दिलं होतं. वाडीची माणसं बाहेर कट्ट्यावर बसली होती, आणि ती त्यांच्याकडे मान वर करून बघू शकली नाही. मतदान कायद्याप्रमाणे झालं. मी इतिवृत्तावर सही केली, त्यात एका शब्दाची चूक नव्हती. पण वाडीनं तिला मत दिलं तेव्हा या सरपंचाला मत दिलं होतं का? नव्हतं. तिचं मत वाडीचं होतं, आणि ते वाडीला न विचारता तिच्याकडून काढून घेतलं गेलं.

आकड्यातही बघ. नऊपैकी पाच सदस्य पुरतात. ते पाचही आपापल्या प्रभागात निम्म्याहून जेमतेम जास्त मतांनी आलेले असतील, तर गावातल्या चौथ्या हिश्श्याहून थोड्याच जास्त मतांवर सरपंच बसतो. आणि पाचातला एक फोडला की सरपंच बदलतो. बाकी आठांना हातही लावावा लागत नाही.

२०१७ मध्ये थेट सरपंच आला तेव्हा मला समाधान वाटलं होतं, हे मोकळेपणानं सांगतो. पुढं त्याचीही दुसरी बाजू दिसली. सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्या पॅनेलचं, आणि विकासाचा ठराव महिनोन् महिने अडलेला. चार उमेदवार उभे राहिले तर तीस टक्के मतांवर सुद्धा माणूस 'गावाचा कौल' म्हणून मिरवतो, कारण आपल्याकडे दुसरी फेरी नसते. त्यात कायद्याची ओढाताण. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. नगराध्यक्षांचं तर २००१ मध्ये थेट, २००६ मध्ये नगरसेवकांतून, २०१६ मध्ये पुन्हा थेट, २०२० मध्ये रद्द, २०२२ मध्ये परत थेट. २०१६ पासून तर दर वेळी सरकार बदललं की पद्धत बदलली. खेळ चालू असताना नियम बदलणं हाच मला यातला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. कुठलीही पद्धत दहा-पंधरा वर्षं टिकली तरच तिचं खरं रूप दिसतं.

तरीही सरपंच थेटच असावा, असं माझं मत आहे. कारण चेकवर सही त्याची असते. रस्ता कुठल्या आळीत आधी, दिवाबत्ती कुठं, घरकुलाच्या यादीवर सभेत काय बोलायचं, यात त्याचा हात असतो. ज्याच्या हातात आपल्या पैशाची किल्ली, त्याला आपण स्वतः निवडावं.

आता राष्ट्रपतींकडे ये. त्यांच्या हातात किल्ली आहे का? मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालणं हे त्यांच्यावर बंधनकारक आहे. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो, पण तोच पुन्हा आला तर सही करावी लागते. घटना समितीत यावर चांगलीच चर्चा झाली. जुलै १९४७ मध्ये नेहरूंनी सांगितलं की खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे ठेवायची आहे. राष्ट्रपतीला सगळ्या देशाच्या मतांवर निवडायचं आणि सत्ता द्यायची नाही, हे विसंगत होईल. पुढच्या वर्षी अखेरीस प्रा. के. टी. शहांनी थेट निवडणुकीची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी उत्तर दिलं ते मतदारांची प्रचंड संख्या, लागणारी यंत्रणा आणि पदाचं स्वरूप या तिन्ही अंगांनी. मला यातलं शेवटचं कारण सगळ्यात वजनदार वाटतं. यंत्रणा उभी राहते. १९५१-५२ मध्ये सतरा कोटींहून जास्त मतदारांची निवडणूक या देशानं पार पाडून दाखवली. पण थेट राष्ट्रपती आणि बहुमताचा पंतप्रधान हे समोरासमोर आले, तर "मलाही जनतेनंच निवडलंय" असं दोघंही म्हणणार. सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्य दुसऱ्याचे, हे मी गावात पाहिलंय. तेच दिल्लीत झालेलं मला नको. जर्मनीनं ते भोगलं आहे. १९१९ च्या घटनेत तिथं राष्ट्राध्यक्ष थेट निवडला जायचा आणि त्याला आणीबाणीचे मोठे अधिकार होते. १९४९ च्या घटनेत त्यांनी अधिकारही काढले आणि थेट निवडणूकही.

पण अप्रत्यक्ष निवड मान्य करायची तर मधल्या माणसाचं वजन नीट मोजलं पाहिजे. आपल्याकडे निवडणारे म्हणजे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे, तसंच दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार. नियुक्त सदस्यांना मत नाही, विधान परिषदेला मत नाही. आमदाराच्या मताचं मूल्य काढायला राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येनं भागायचं, आलेल्या आकड्याला पुन्हा हजारानं. महाराष्ट्राचे ५ कोटी ४ लाख, भागिले २८८, भागिले १०००, म्हणजे १७५. उत्तर प्रदेशात एका आमदाराचं मूल्य २०८, सिक्कीममध्ये ७. मग सगळ्या आमदारांच्या मूल्यांची बेरीज खासदारांच्या संख्येत वाटायची. २०२२ मध्ये खासदाराचं मूल्य ७०० आलं. म्हणजे सगळे आमदार मिळून आणि सगळे खासदार मिळून दोन्ही पारडी जवळजवळ समान. राज्यं एका बाजूला, संसद दुसऱ्या बाजूला. मला ही मांडणी फार विचारपूर्वक केलेली वाटते.

याची किंमत कळायची असेल तर आपल्या जिल्हा मध्यवर्ती बँकेची निवडणूक आठव. तुझ्या घरी शेती आहे, म्हणजे विकास सोसायटी माहीत असणारच. सोसायटीनं एकाच्या नावाचा ठराव करायचा आणि त्या ठरावधारकानं बँकेच्या संचालकाला मत द्यायचं. शंभर सभासदांच्या सोसायटीला एक मत, दोन हजार सभासदांच्या सोसायटीलाही एकच. मग निवडणुकीआधी वर्षभर काय चालतं? ठराव गोळा करणं. सभासदांना विचारायला कुणी जात नाही, कुणाच्या नावानं किती ठराव निघाले एवढंच मोजलं जातं. तिथं मधल्या माणसाला वजन नाही, नुसती संख्या आहे. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत निदान वजन आहे.

मात्र ते वजन जुनं झालंय. तू वर भागाकारात ५ कोटी ४ लाख पाहिलंस तेव्हा थबकायला हवं होतंस. तो आकडा १९७१ च्या जनगणनेचा आहे! १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं तो गोठवला, आणि चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीनं ते गोठवणं २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवलं. परिणाम बघ. तमिळनाडूच्या आमदाराचं मूल्य १७६, महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५. २०११ च्या लोकसंख्येवर तोच हिशेब केला तर तमिळनाडूचा आमदार ३०८ वर येतो आणि आपला ३९० वर. राजस्थान आज १२९ वर आणि केरळ १५२ वर आहे. २०११ च्या आकड्यांवर राजस्थान ३४३ आणि केरळ २३९ होईल. सगळं उलटं. यामागं कारण होतं, आणि ते मी हलकं मानत नाही. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनापासून केलं, त्यांचं वजन त्याच कारणानं घटावं, हाही अन्यायच झाला असता. एका अन्यायाच्या भीतीनं दुसरा अन्याय पन्नास वर्षं चालू राहिला. लोकसभेच्या जागांबाबत हा प्रश्न खरोखर अवघड आहे. राष्ट्रपतीच्या मतमूल्याबाबत तेवढा अवघड नाही, कारण तिथं कुणाची जागा जात नाही, फक्त हिशेब अद्ययावत होतो. तो व्हायला हवा.

दुसरी गोष्ट, मत द्यायची पद्धत. आपल्याकडे विधान परिषदेचा सातारा-सांगली स्थानिक प्राधिकारी संस्थांचा मतदारसंघ आहे. जिल्हा परिषद सदस्य आणि नगरसेवक तिथं मतदार. शिक्का नसतो, दिलेल्या पेननं नावापुढं १, २, ३ असे पसंतिक्रम लिहायचे. आकडा मराठीत चालतो, रोमनमध्ये चालतो, पण 'एक' असं अक्षरात लिहिलं किंवा बरोबरची खूण केली तर मत बाद. राष्ट्रपतीचं मतदानही असंच, पसंतिक्रमाचं. २०२२ मध्ये ४,७५४ मतं पडली त्यातली ५३ बाद झाली. कायदे करणाऱ्यांची मतं बाद व्हावीत याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांच्या मागं लाखो माणसं उभी असतात.

पसंतिक्रमाची ताकद १९६९ मध्ये दिसली. झाकीर हुसेन पदावर असतानाच वारले आणि निवडणूक लागली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. आपले यशवंतराव चव्हाण पक्षाच्या संसदीय मंडळात त्यांच्या बाजूनं होते. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले आणि इंदिरा गांधींनी सदसद्विवेकानं मत द्यायचं आवाहन केलं. तिसरे मोठे उमेदवार चिंतामणराव देशमुख. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मतं पडली. निम्मं कुणालाच मिळालं नाही. मग खालचे उमेदवार एकेक बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. गावच्या चौरंगी लढतीत तीस टक्क्यांचा सरपंच होतो, तसं इथं सहसा होत नाही. निवडून येणाऱ्याला शेवटी मोजणीत उरलेल्या मतांतली निम्म्याहून जास्त मिळवावीच लागतात. श्रीलंकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक थेट लोकांची आहे, तरी तिथंही पसंतिक्रम आहे, आणि २०२४ मध्ये पहिल्यांदाच दुसरी पसंती मोजायची वेळ आली. म्हणजे पसंतिक्रम ही अप्रत्यक्ष निवडणुकीची मक्तेदारी नव्हे. आपल्या थेट सरपंचालाही तो लावता येईल, आणि लावावा असं मला मनापासून वाटतं.

१९६९ मधून आणखी एक गोष्ट घे. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही आणि मतदान गुप्त असतं. राज्यसभेच्या मतदानात आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. इथं तसं नाही. वर निवडणारे जवळपास पाच हजार, तीसेक ठिकाणी विखुरलेले. पाच सदस्य एका गाडीत बसतात. पाच हजार बसत नाहीत.

आता तुझ्या बाजूनं बोलतो, कारण तुझ्या प्रश्नात दम आहे. थेट मतदान असतं तर डॉ. कलाम २०१२ मध्ये पुन्हा राष्ट्रपती झाले असते असं मला वाटतं. लोकांच्या मनात ते होते. पक्षांची गणितं जुळली नाहीत आणि त्यांनी उभं राहायचं नाही असं जाहीर केलं. १९९७ मध्ये माजी मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेब उभे होते. आम्हा निवडणुकीच्या कर्मचाऱ्यांना त्यांनी ताठ उभं राहायला शिकवलं. त्यांना ५०,६३१ मूल्याची मतं पडली आणि के. आर. नारायणन यांना साडेनऊ लाखांवर. लोकांनी मत दिलं असतं तर अंतर इतकं राहिलं नसतं. अर्ज भरायलाच ५० सूचक आणि ५० अनुमोदक, तेही आमदार-खासदारच, लागतात. म्हणजे पक्षाबाहेरच्या माणसाला दार जवळजवळ बंद. हा या पद्धतीचा खरा तोटा आहे. पण दुसऱ्या पारड्यात हेही ठेव: केरळमधल्या खेड्यातल्या गरीब दलित घरातले नारायणन, मयूरभंजच्या आदिवासी गावातल्या द्रौपदी मुर्मू. देशभर प्रचाराचा खर्च पेलणारा आणि मोठ्या भाषेचा, मोठ्या जातीचा उमेदवार थेट लढतीत यांच्यापुढं भारी पडला नसता, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

अमेरिकेचं उदाहरण तू दिलंस, पण ते आपल्यासारखं नाही. तिथला राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार चालवतो. माझ्या पहिल्या कसोटीनं तो लोकांनीच निवडायला हवा. लोक मत देतातही, पण मोजणी राज्यवार होते. ५३८ निर्वाचक, म्हणजे मधले निवडणारे, २७० ला बहुमत, आणि दोन राज्यं सोडली तर जिथं एका मतानं पुढं, तिथले सगळे निर्वाचक त्याचे. २००० मध्ये फ्लोरिडात ५३७ मतांचा फरक पडला आणि देशभरात पाच लाखांहून जास्त मतांनी पुढं असलेले अल गोर हरले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन अठ्ठावीस लाखांहून जास्त मतांनी पुढं होत्या, तरी हरल्या. वायोमिंगमध्ये १ लाख ९२ हजार लोकांमागं एक निर्वाचक, कॅलिफोर्नियात ७ लाख ३२ हजारांमागं एक. आणि हे निर्वाचक विचार करून निवडतात असंही नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं की राज्याच्या कौलाप्रमाणेच मत द्यायला त्यांना भाग पाडता येतं. मग मधल्या माणसाचा उपयोग काय राहिला? अप्रत्यक्षतेचे तोटे सगळे, फायदा एकही नाही. ही पद्धत मी न्याय्य म्हणणार नाही.

त्याहून वाईट पाकिस्तानात झालं. अयूब खान यांनी ८० हजार 'मूलभूत लोकशाही' सदस्यांवर राष्ट्राध्यक्षाची निवडणूक ठेवली. १९६५ मध्ये फातिमा जिना त्यांच्याविरुद्ध उभ्या होत्या, त्यांच्या सभांना अलोट गर्दी व्हायची. तरी अयूब जिंकले. ८० हजार म्हणजे आपल्याकडच्या एका विधानसभा मतदारसंघाच्या मतदारांचा जेमतेम चौथा हिस्सा. गावचा निधी, रस्ते, परवाने यांसाठी ते अधिकाऱ्यांच्या दारात उभे असायचे. जिल्ह्याच्या यंत्रणेला एवढी माणसं गाठणं किती सोपं असतं, ते मला सांगायला नको. मी त्याच खुर्चीच्या आसपास वावरलोय.

आणि तू औंधची, म्हणून हे शेवटी ठेवलंय. तुमच्या संस्थानानं १९३९ मध्ये स्वराज्याची घटना स्वीकारली. भवानराव पंतप्रतिनिधी राजे होते, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन झटत होते, आणि आराखड्यामागं गांधीजी होते. ती अप्रत्यक्षच पद्धत होती: गावानं पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांचं तालुक्याचं मंडळ व्हायचं, आणि तिथून संस्थानच्या विधिमंडळात माणसं जायची. बहात्तर गावं, औंध-आटपाडी-कुंडल अशी तुटक तुटक पसरलेली. तिथं ती शोभली, कारण पंच कोण, त्याचा बाप कोण, त्यानं बांधाच्या भांडणात कसा निवाडा दिला, हे गावाला ठाऊक होतं, आणि पुढं कुणाला पाठवायचं हे त्या पंचांना ठाऊक होतं. प्रत्येक पायरीवर निवडणारा ज्याला निवडतो त्याला ओळखत होता. सहलीची गाडी आली आणि ती ओळखच तुटली. पंचाला गावापेक्षा गाडीवाल्याची भीती जास्त झाली.

परीक्षेत दोन्ही बाजू लिही, गुण मिळतील. पण स्वतःचं मत ठरवायचं असेल तर एक कर. १९६९ चे आकडे कागदावर घे. वैध मतांचं एकूण मूल्य ८,३६,३३७ होतं. त्याचं निम्मं अधिक एक काढ, पहिल्या फेरीत गिरी किती कमी पडले ते बघ, आणि मग देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती कुठं गेली याचा अंदाज बांध. अडलीस तर रविवारी सकाळी घरी ये, पसंतिक्रमाची मोजणी मी तुला मतपत्रिकांचे कागद करून दाखवतो.